पाळी थांबली, नडगी दुखते, वेग घटला: सराव जास्त होतोय की खाणं कमी पडतंय?

पहाटधाव

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

वय ३६, वजन ५४ किलो. तीन वर्षं पळते आहे. एक पूर्ण मॅरेथॉन झाली, ४ तास २१ मिनिटांत. यंदा चार तासांच्या आत यायचं असं मनाशी पक्कं केलं आणि गेले पाच महिने आठवड्याला ६४-६६ किलोमीटर पळते आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार १२-१२ किलोमीटर, रविवारी २८ ते ३०. उरलेल्या दिवसांत एकदा वजनं उचलते, बाकी आराम.

पहिले दोन महिने फार छान गेले. वजन ५८ वरून ५४ वर आलं, वेगही वाढला. मग गाडं अडलं. जे १२ किलोमीटर मी किलोमीटरला ५:५० मिनिटांच्या गतीने गप्पा मारत पळायचे, तेच आता ६:२० ने पळतानाही पायांत शिसं भरल्यासारखं वाटतं. रात्री दोन-अडीचला टक्क जाग येते. हातपाय गार पडतात. डाव्या नडगीत आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, नाण्याएवढी एक जागा आहे. तिथे अंगठ्याने दाबलं की डोळ्यांत पाणी येतं. आधी दोन किलोमीटर पळून अंग गरम झालं की ते दुखणं थांबायचं. आता थांबत नाही, जिना उतरतानाही जाणवतं.

आणि चार महिने झाले, पाळी आलेली नाही. दिवस गेलेले नाहीत, तपासून घेतलं आहे. एका डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "इतकं पळणाऱ्या बायकांची जातेच, सराव कमी झाला की येईल." मी ते धरून बसले, कारण मलाही ते सोयीचं वाटत होतं.

खाण्याचं सांगते. पहाटे नुसती काळी कॉफी पिऊन पळायला जाते. आल्यावर आवरायची घाई, तेव्हा दोन अंडी आणि एक फळ. दुपारी मोठा वाडगा भरून कच्च्या भाज्या, त्यात थोडं कडधान्य आणि दही. चारला मूठभर बदाम. रात्री भाजी, डाळ, अगदी थोडा भात. गेल्या आठवड्यात काट्यावर तोलून सगळं वहीत लिहिलं: पळायच्या दिवशी सुमारे १९०० कॅलरी, रविवारी २१००, आरामाच्या दिवशी १५००, कारण त्या दिवशी पळत नाही. रविवारच्या लांब धावेत फक्त पाणी पिते, जवळजवळ तीन लिटर. जेल (धावताना घ्यायचा पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) घेतलं की पोटात ढवळतं, म्हणून सोडून दिलं.

रक्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ११, थायरॉइड ठीक.

विचारायचं ते असं. लोहाच्या गोळ्या सुरू करू का? पोटाला सोसेल असं काही आहे का? आणि नऊ आठवड्यांवर शर्यत आहे, तर आठवड्याचे किलोमीटर किती कमी करू?

---

हळूहळू

फेरिटिन ११ म्हणजे लोहाचा साठा तळाला गेला आहे. हिमोग्लोबिन अजून टिकून आहे म्हणून रिपोर्ट वरवर बरा दिसतो, पण पळणाऱ्याला साठा संपल्याची झळ आधी बसते. गोळी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, मात्र घेताना वेळ सांभाळा. व्यायामानंतर तीन ते सहा तासांत शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. म्हणून गोळी सकाळीच, ते वाढायच्या आधी, पळून आल्या आल्या घ्यायची. सोबत लिंबू किंवा संत्र्यासारखं काही. कॉफी, चहा, दूध तासभर लांब. रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतली तर दर गोळीमागे लोह जास्त शोषलं जातं आणि पोटही कमी बिघडतं.

पुन्हा तपासाल तेव्हा लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी किंवा अंगात ताप असताना रक्त देऊ नका. अंगात दाह असला की फेरिटिन खोटंच वर दिसतं.

---

चरबीवर धावणारा

माझा अनुभव वेगळा आहे. मी दोन वर्षं उपाशीपोटीच पळतो, भात आणि साखर बंद. शरीराला एकदा चरबी जाळायची सवय झाली की जेलची गरजच पडत नाही. वजन जितकं कमी तितका पळायला हलका. थोडं सोसलं पाहिजे, दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं.

---

जुनी धावपटू

पहाटधाव, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते. तू गोळी, जेल आणि किलोमीटर असे तीन प्रश्न विचारलेस. माझ्या मते हे तिन्ही एकाच दुखण्याचे तुकडे आहेत, आणि ते दुखणं तुझ्या वहीतच लिहिलेलं आहे.

आधी नडगी. दुखणं लांबट पट्ट्यात पसरलेलं असतं तेव्हा बहुतेकदा स्नायू-आवरणाचा त्रास असतो. बोट ठेवून "इथेच" असं दाखवता येतं, पळताना थांबत नाही आणि जिन्यावरही कळ येते, तेव्हा हाडाला चीर गेली असण्याची शंका घ्यावी लागते. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दिसतच नाही, एमआरआयत दिसते. त्यामुळे "एक्स-रे स्वच्छ आहे" एवढ्यावर समाधान मानू नकोस. तोपर्यंत पळणं बंद. कमी नाही, बंद.

आता वही. शास्त्रज्ञ एक साधा हिशेब करतात. दिवसभरात खाल्लं त्यातून व्यायामात जाळलं ते वजा करायचं, उरलेल्याला चरबी सोडून बाकीच्या वजनाने भागायचं. म्हणजे हृदय, मेंदू, हाडं, संप्रेरकं या सगळ्यांच्या वाट्याला किलोमागे किती उरलं ते कळतं. किलोला ४५ कॅलरी असल्या तर घर नीट चालतं. ३० च्या खाली गेलं की पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके काही दिवसांतच मंदावतात, हे प्रयोगात मोजलेलं आहे. ३० ही दगडावरची रेघ नव्हे, कुणाचं त्याच्या वरही बिघडतं, पण अंदाज यायला पुरते.

तुझं चरबी सोडून वजन ४५ किलो धरू. १२ किलोमीटरला साधारण ६५० कॅलरी जातात. १९०० वजा ६५०, म्हणजे १२५०. भागिले ४५, म्हणजे २८. हा तुझा नेहमीचा, तुला चांगला वाटणारा दिवस. रविवारी ३० किलोमीटरला १६०० च्या आसपास जातात. २१०० मधून उरतात ५००. भागिले ४५, म्हणजे ११. आणि ज्या सोमवारी शरीर रविवारची मोडतोड दुरुस्त करायला बसतं, त्याच दिवशी तू १५०० वर येतेस. कागद घेऊन स्वतः मांडून बघ. आकडे थोडे मागेपुढे होतील, चित्र बदलणार नाही.

तू डाएट करत नाहीस, उपाशीही राहत नाहीस. वाडगाभर कच्च्या भाज्यांनी पोट भरतं, म्हणून मेंदूला वाटतं जेवण झालं. माझंही अगदी असंच होतं.

मी ४१ वर्षांची होते. चौदा महिने पाळी नव्हती. वय झालं, आता जाणारच, असं मी धरून चालले. सर्वात वेगवान धावाही त्याच काळात झाल्या, त्यामुळे कुणाचं ऐकायची तयारी नव्हती. मग जांघेत खोल कुठेतरी दुखायला लागलं. मी महिनाभर ताण द्यायचे, शेकायचे, तेल चोळायचे. एका सकाळी शर्यत नव्हती, सरावही नव्हता, मी फुटपाथवरून खाली पाय ठेवला आणि त्या पायावर उभीच राहता येईना. एका हाताने कुंपणाचा गज धरून मी तिथेच उभी राहिले, बहीण गाडी घेऊन येईपर्यंत. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर होती. आणखी सरकली असती तर स्क्रू घालावे लागले असते. हाडांची घनता मोजली तेव्हा कमरेचा आकडा माझ्या वयाच्या बाईला शोभणारा नव्हता. धावणारीचं हाड खरं तर न धावणारीपेक्षा भक्कम असायला हवं.

पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन खाली आलेलं असतं. इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरतं. ते गेलं की हाड झिजतं वेगाने आणि भरतं सावकाश, वर तू त्याच हाडावर आठवड्याला ६५ किलोमीटरचे घाव घालतेस. म्हणून "पळणाऱ्यांची जातेच" हे वाक्य मला सहन होत नाही. जाते हे खरं, पण म्हणून ते चांगलं होत नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही तर कारण शोधायचंच असतं. प्रोलॅक्टिन, इस्ट्रोजेन, एफएसएच, एलएच ही पाळीशी संबंधित संप्रेरकं तपासून घे, सोनोग्राफी सांगितली तर कर. उपासमारीचा शिक्का मारण्याआधी बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात.

एक गोष्ट खास सांगते. कुणी पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या लिहून देऊ लागलं तर नीट प्रश्न विचार. त्या गोळ्यांवर जो रक्तस्राव येतो तो गोळी थांबल्याचा असतो, तुझी स्वतःची पाळी सुरू झाल्याची ती खूण नव्हे. हाडही त्याने भरून येत नाही. पण दर महिन्याला रक्त दिसतं आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

अमेरिकन धावपटू मेरी केनचं बोलणं वाचलंस का? २०१३ मध्ये वयाच्या १७ व्या वर्षी ती जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली होती. २०१९ मध्ये तिने उघडपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. तेव्हा मी बरी होत होते. ते वाचून पहिल्यांदा वाटलं की हे फक्त माझ्या हाडाचं नशीब नव्हतं.

आता काय करायचं ते. पळण्याच्या आधी काहीतरी पोटात जाऊ दे, एक केळं पुरे. आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर न्याहारी, नुसती अंडी नकोत, सोबत भात, बटाटा, ब्रेड, ओट्स यांपैकी काहीतरी भरपूर. दुपारचा कच्च्या भाज्यांचा वाडगा निम्मा कर आणि उरलेल्या जागेत भात घाल, वर तेल-तूप घाल. प्रथिनं दिवसाला किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे तुला ८० च्या आसपास, पण चार-पाच वेळांत विभागून. आणि आरामाच्या दिवशी खाणं कमी करू नकोस. हे शेवटचं सर्वात जड जाईल. मला गेलं.

शर्यतीबद्दल आत्ता विचार करू नकोस असं म्हणणं सोपं आहे, मला माहीत आहे. नऊ आठवड्यांपैकी हाडाची चीर भरायलाच सहा ते आठ आठवडे लागतात. शर्यत पुढच्या वर्षीही असेल.

चरबीवर धावणारा, तुमचं तुम्हाला मानवलं असेल. पण चार महिने पाळी नसलेल्या आणि नडगी दुखणाऱ्या मुलीला "थोडं सोस" सांगू नका. तिने आधीच फार सोसलं आहे.

---

चरबीवर धावणारा

मान्य. मी पाळीचा भाग नीट वाचलाच नव्हता, थेट जेलवर गेलो. पहाटधाव, माझं उत्तर सोडून द्या.

---

सायकलवाला

जुनी धावपटूंच्या म्हणण्याला पुरुषाच्या बाजूने जोड देतो, कारण हे बायकांपुरतंच आहे असा समज होतो. पूर्वी याला 'स्त्री खेळाडूंची त्रयी' म्हणत: कमी खाणं, पाळी जाणं, हाडं ठिसूळ होणं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढवली, रेड-एस (खेळाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडणं) हे नाव दिलं आणि पुरुषांनाही त्यात घेतलं.

पुरुषाला पाळीसारखी घंटा नसते. माझं टेस्टोस्टेरॉन तळाला गेलं होतं आणि मला ते दीड वर्ष कळलं नाही. कामेच्छा संपली, सकाळी शरीर जागं होईना, बायकोवर विनाकारण खेकसायचो, दर महिन्याला सर्दी. मी आठवड्याला ४०० किलोमीटर सायकल चालवत होतो. सायकलीत तर हाडावर भारही पडत नाही, त्यामुळे माझी कंबर आणखीच पोकळ झाली. जे पुरुष हे वाचत असतील आणि ज्यांना यातलं काही ओळखीचं वाटत असेल, त्यांनी लाजू नये, सकाळी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन तपासावं.

पहाटधाव, पोटात ढवळण्याबद्दल. आतडंही सरावाने तयार होतं. ग्लुकोज आतड्यातून ज्या दाराने आत जातं, त्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच जाऊ शकतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. म्हणून दोन्ही मिसळून घेतलं की तासाला ९० ग्रॅमपर्यंत जातं, आणि ज्यांनी सराव केला आहे त्यांचं त्याहून जास्तही. तुम्हाला एवढं नको. पुन्हा पळायला लागाल तेव्हा तासाला ३० ग्रॅमपासून सुरुवात करा, म्हणजे एक मोठं केळं किंवा एक जेल आणि वर दोन घोट पाणी. सगळं एकदम नाही, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. आठवड्यातून एका धावेत एवढंच करा. दोन-तीन आठवड्यांनी ४५, मग ६०. बहुतेकांचं जेल बाधतं ते पाण्याशिवाय, किंवा दीड तास काही न खाता एकदम घेतल्यामुळे.

दुसरं, तीन लिटर पाणी. याची मला नडगीइतकीच काळजी वाटते. तीन तासांच्या धावेत नुसतं पाणी एवढं प्यायलात तर रक्तातलं सोडियम पातळ होऊ शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम घसरलेलं निघालं. चार तासांपेक्षा जास्त वेळ लागलेले आणि धावताना वजन वाढलेले लोक त्यात जास्त होते. धावेच्या आधी आणि नंतर कपडे काढून, घाम पुसून वजन करा. अर्धा ते एक किलो कमी भरलं तर ठीक. वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. तहान लागेल तसं प्या. डोकं दुखून मळमळायला लागलं, बोटं सुजून अंगठी रुतायला लागली तर आणखी पाणी पिऊ नका.

---

पहाटधाव

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी धावपटू, तुमचं वाचून मी तो भागाकार स्वतः केला. माझा आकडा २७ आला. मग रविवारचा केला आणि वही मिटून ठेवली.

एक विचारायचं आहे. खाणं वाढवलं की वजन वाढेल. ५४ झाल्यावर मी पहिल्यांदा आरशात स्वतःकडे नीट बघू लागले होते. हे लिहायलाही अवघड जातंय. तुम्ही त्याचं काय केलंत?

---

जुनी धावपटू

वाढतं. माझं साडेचार किलो वाढलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे वाढतं त्यात बरंच पाणी असतं, कारण स्नायूंत साठणारा प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजन (साठवलेली साखर) आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. हे आधी माहीत असतं तर मी तिसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा जेवण तोडलं नसतं. घरातला वजनकाटा बहिणीकडे देऊन टाकला. जुन्या मापाच्या पँटी एका पिशवीत भरून दिल्या, कपाटात ठेवल्या नाहीत, कारण ठेवल्या असत्या तर रोज घालून बघितल्या असत्या. आणि आहारतज्ज्ञांबरोबरच एका समुपदेशकांकडे आठ वेळा गेले. खाण्याचं गणित मला पहिल्या दिवशी समजलं होतं. ते पोटात उतरायला त्या आठ भेटी लागल्या.

सातव्या महिन्यात पाळी आली. मी न्हाणीघरात बसून रडले.

तुला अवघड जातंय आणि तरी तू लिहिलंस. ज्या डॉक्टरांकडे जाशील त्यांनाही हे वाक्य असंच सांग, गाळू नकोस.

---

पहाटधाव (सहा आठवड्यांनंतर)

कळवायचं राहिलं होतं. एमआरआयत नडगीच्या हाडात चीर निघाली, अजून आरपार नव्हती. चार आठवडे चालण्यासाठी बूट लावला होता, पळणं बंद, पोहायला जाते आहे. शर्यतीतून नाव काढलं.

हाडांची घनता मोजली. कमरेचा झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या बायकांच्या सरासरीशी तुलना) उणे १.३ आला. नव्या डॉक्टरांनी सांगितलं की भार पेलणाऱ्या खेळातल्या माणसाला उणे १ च्या खालीच सावध व्हायला हवं. प्रोलॅक्टिन ठीक, इस्ट्रोजेन खूप खाली. म्हणाल्या, सहा महिने नीट खाऊन बघू, मग औषधाचं ठरवू. ड जीवनसत्त्व आणि एक दिवसाआड लोह चालू आहे. फेरिटिन पुन्हा तीन महिन्यांनी.

आता मंगळवार असो की सोमवार, २५०० च्या खाली जात नाही. सकाळचं केळं जमलं. रात्रीचा भात जमला. आरामाच्या दिवशीचं दुपारचं जेवण अजून रोज स्वतःशी भांडून खाते. वजन ५६.५. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री दोनला जाग यायची थांबली आहे, हात गरम असतात. परवा आईने हात हातात घेतला तर म्हणाली, "अगं, आज गार नाहीत."

पाळी अजून आलेली नाही. वहीत आता कॅलरी लिहीत नाही, फक्त तारखा लिहिते.

सायकलवाला, पुढच्या महिन्यात चालणं-पळणं आलटूनपालटून सुरू होईल. तेव्हा २० मिनिटांच्या धावेतही पोटाचा सराव करायचा का, की तासाभराच्या पुढे गेल्यावरच?

---

सायकलवाला

२० मिनिटांत गरज नाही. तेव्हा फक्त निघण्याआधी अर्धा-पाऊण तास काहीतरी खाऊन निघा, भरल्या पोटाने हलायची सवय लागते. तासाच्या पुढे गेलात की सुरू करा. ३० ग्रॅम, दर वीस मिनिटांनी थोडं.